म्हशींची देवी आणि निरोप तोडणारें औषध

भिवंडी तालुक्यांतील राहनाळसारख्या गांवांत आतां गोदामें वाढलीं असलीं, तरी ज्याच्या गोठ्यांत म्हैस आहे त्यानें देवीचा विषय संपला असें समजूं नये. माणसांच्या देवीचें निर्मूलन झाल्याचें १९८० सालीं जाहीर झालें. परंतु त्याच कुळांतील म्हशींच्या देवीचा विषाणू महाराष्ट्रांत मागें राहिला. २००९ सालीं सोलापूर व कोल्हापूर जिल्ह्यांत त्याची सांथ येऊन म्हशींबरोबर माणसांसही लागण झाली. या रोगानें म्हैस सहसा मरत नाहीं. पण सडांवर फोड येऊन तिला धार काढूं देववत नाहीं, कांस सुजते व दूध आटतें.

अशा विषाणूस गप्प करणारें नवें औषध निघाल्याचें कांहीं वाचकांच्या कानांवर आलें असेल. त्याचें तत्त्व असें: विषाणू पेशींत शिरला म्हणजे आर.एन.ए. नांवाच्या द्रव्याचे निरोप काढतो, आणि पेशी ते पाळून त्याचा माल तयार करिते. त्या निरोपाशीं तंतोतंत जुळणारा सुमारें २१ अक्षरांचा दुपदरी आर.एन.ए.चा तुकडा पेशींत घातल्यास पेशीचीच यंत्रणा तो निरोप तोडून टाकते. ही युक्ति फायर व मेलो या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९९८ सालीं एका सूक्ष्म कृमींत दाखविली व २००६ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें प्रयोगशाळेंतील पेशींत, म्हशींच्या देवीचा अगदीं जवळचा नातलग व्हॅक्सिनिया आणि मंकीपॉक्स या विषाणूंची वाढ अशा तुकड्यांनीं बरीच रोखतां आली.

मग अडतें कोठें? काचेच्या बशींतील पेशी आणि गोठ्यांतील म्हैस यांत मोठें अंतर आहे. उघडा आर.एन.ए. रक्तांत लवकरच नष्ट होतो. २०१८ सालीं अमेरिकेंत मान्य झालेलें या जातीचें पहिलें औषध पॅटिसिरान चरबीच्या सूक्ष्म कणांत बांधून यकृतापर्यंत पोंचवितात; सडाच्या कातडीपर्यंत पोंचविणें निराळें काम आहे. शिवाय विषाणूही कच्चा नाहीं; दुपदरी आर.एन.ए. झांकून टाकणारें प्रथिन तो स्वतःच तयार करवितो.

म्हणून आम्ही वाचकांस स्पष्ट सांगतों कीं, म्हशींच्या देवीवर असें औषध बाजारांत आलेलें नाहीं. कोणी विकावयास आणल्यास पैसे देऊं नयेत. आजारी म्हैस वेगळी बांधावी व तिची धार शेवटीं काढावी. धारेच्या आधीं व नंतर हात साबणानें धुवावे. ज्याच्या हातांवर फोड असतील त्यानें धार काढूं नये. सडांच्या जखमा स्वच्छ ठेवून पशुवैद्यास त्वरित बोलवावें व त्याच्या सल्ल्यानें जंतुनाशक मलम लावावें. सांथ गोठ्यांतून गोठ्यांत बहुधा धार काढणाऱ्याच्या हातांनींच जाते, आणि तेवढी वाट अडविणें आजही शेतकऱ्याच्या स्वाधीन आहे.