चपलेचे चाक, टूथब्रशचा दिवा

खेळण्यांच्या दुकानात पोलिसांची गाडी मागितली की दुकानदार जी पुढे करतो ती बहुधा परक्या मुलखातली असते. दारावर इंग्रजी अक्षरे, बॉनेटवर कुठल्यातरी शेरीफचा बिल्ला. सांगली-तासगाव रस्त्याने माधवनगरातून रोज जाणारी पोलीस गाडी काही अशी नसते. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील पाचवीत शिकणाऱ्या मुलीला ही गोष्ट खटकली. तिचे वडील कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर आहेत, आई यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरते. बाजारातून आणलेली साधी पांढरी जीप होती, तिचीच आपली पोलीस गाडी करायची असे मुलीने ठरवले. पुढे काय काय झाले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते, कारण हा उद्योग कोणत्याही घरात होण्यासारखा आहे.

पहिले काम हिशेबाचे. आम्ही कारकून माणसे, त्यामुळे यात आमचीही थोडी मदत झाली. लहान प्रतिकृती खऱ्या गाडीच्या कितवा हिस्सा आहे, हे आधी काढावे लागते. आजच्या बोलेरोची लांबी ३९९५ मिलिमीटर. घरातली खेळण्यातली जीप भरली ११५ मिलिमीटर. भागाकार केला तर जवळजवळ ३५ आले. म्हणजे ही गाडी खऱ्याच्या पस्तिसावा हिस्सा. आता गाडीवर जी वस्तू बसवायची तिला ३५ ने भागायचे, एवढाच नियम. जगभरचे शौकीन लोक १:४३ हे माप फार वापरतात. ते विलायतेतल्या खेळण्यातल्या आगगाडीवरून आले आहे. तिथे एक फुटाला सात मिलिमीटर असा हिशेब धरीत, आणि आगगाडीशेजारी ठेवायच्या मोटारीही त्याच बेताने निघू लागल्या.

भागाकार सोपा, पण भागायला खरे माप हवे. ते आणायचे तर पोलीस गाडीजवळ जायला हवे, आणि अडचण इथेच होती. आपल्या वस्त्यांतून पोलिसांची गाडी आली की काय होते, हे वाचकांना सांगायला नको. पोरे घरात पळतात, बाया दार ओढून घेतात, आणि आता कोणाला नेतात म्हणून माणसे बोळाच्या तोंडाशी गोळा होतात. ही गाडी मदतीलाही येते, हे मुलांना आपण कधी सांगत नाही. पूर्वी १०० क्रमांक होता, आता ११२ फिरवला की येते, हे किती घरांत ठाऊक आहे? मुलीची आजी तर मापाचे नाव काढताच म्हणाली, “गाडीला हात लावशील तर आत घालतील.”

१४ एप्रिलला मिरवणुकीच्या बंदोबस्तासाठी एक गाडी सकाळपासून कोपऱ्यावर उभी होती. मुलगी वही आणि वडिलांची स्टीलची पट्टी घेऊन आमच्याबरोबर आली. चालक हवालदार सावलीत चहा पीत होते. तिने विचारले, “मामा, गाडीचं माप घेऊ का?” त्यांनी आधी आमच्याकडे पाहिले, मग हसून म्हणाले, “घे की पोरी. पण आमचा नंबर घालू नको तुझ्या गाडीला.” एवढेच नव्हे, तर पट्टी अपुरी पडते हे पाहून त्यांनी टपावरच्या दिव्यांच्या पट्टीसाठी टेपचे दुसरे टोक स्वतः धरले. ती भरली ११९ सेंटिमीटर. आजी दारातून हे सारे पाहत होती.

आता सुटे भाग. टपावरची दिव्यांची पट्टी ३४ मिलिमीटरची व्हायला हवी. जुन्या टूथब्रशच्या पारदर्शक लाल आणि निळ्या दांड्या करवतीच्या पात्याने कापल्या, पॉलिश पेपरने घासल्या, आणि मधे चॉकलेटची चंदेरी चांदी लावली. दिव्याच्या रंगाला नियम आहे. १ मे २०१७ पासून मंत्र्यासंत्र्यांचे लाल दिवे उतरले. लाल, निळा व पांढरा असा एकत्र दिवा पोलीस, अग्निशमन अशा तातडीच्या कामाच्या गाड्यांना राहिला.

सर्वांत जास्त वेळ चाकांनी घेतला. खेळण्याची चाके २६ मिलिमीटरची होती, म्हणजे खऱ्या मापात ९१० मिलिमीटर. असली चाके ट्रकला शोभली असती! बोलेरोच्या टायरवर २१५/७५ आर १५ असे लिहिलेले असते. २१५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, तिच्या ७५ टक्के टायरच्या बाजूची उंची, आणि आतली रिंग १५ इंचांची. सारे मिळून उंची होते सुमारे ७०३. पस्तीसने भागले की २०. हवाई चपलेच्या रबरातून धारदार नळीने २० मिलिमीटरच्या चकत्या पाडल्या आणि रुंदी ६ मिलिमीटरवर आणली. पहिल्या चार वाकड्या गेल्या. मग वडिलांनी चकती खिळ्यावर अडकवून फिरवत पॉलिश पेपरला कशी लावायची ते दाखवले. टर्नरचेच काम ते, फक्त लेथशिवाय.

खिडकीची जाळी चहाच्या फुटक्या गाळणीची. वायरलेसची काठी रिफिलची. रिकामी नळी मेणबत्तीवर धरून ओढली की केसासारखी तार निघते. हे मात्र आईने समोर बसून करू दिले.

अक्षरांसाठी संगणकाचे दुकान गाठले. दारावर मराठीत ‘पोलीस’, शेजारी महाराष्ट्र पोलिसांचा पंचकोनी तारा. त्याखालचे ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद इतक्या लहान मापात वाचता येत नाही, तरी मुलीने ते घालायला लावले आणि अर्थही विचारून घेतला. सज्जनांचे रक्षण आणि दुष्टांचा बंदोबस्त, असे आम्ही सांगितले. आजी लगेच म्हणाली, “कोण सज्जन ते कोण ठरवणार?” याचे उत्तर आम्ही दिले नाही. नंबर प्लेट नियमाप्रमाणे इंग्रजी अक्षरांत, ५०० बाय १२० मिलिमीटरची. ती इथे १४ बाय साडेतीन झाली. सांगलीचा एमएच १० घातला, पुढचे आकडे मनाचे. हवालदारांचा शब्द पाळला.

पालकांसाठी दोन गोष्टी. रंगाच्या डब्यावर शिशाबद्दलचा मजकूर पाहून घ्यावा. घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, असा नियम २०१७ पासून लागू आहे. गॅरेजमधला उरलासुरला रंग मुलांच्या हाती देऊ नये. तसेच खरा दिवा लावण्याच्या हौसेने बटनसेल वापरू नये. लहान भावंडाने तो गिळला तर अन्ननलिका भाजून जिवावर बेतते.

चालकाच्या जागी ४८ मिलिमीटरची बाहुली बसली आहे. मुलीने तिला खाकी गणवेश आणि मागे अंबाडा केला. सध्या वहीत अग्निशमन गाडीची मापे उतरत आहेत. शिडी कशाची करायची, ते अजून ठरलेले नाही.