जिवाणूंचा डिंक : पाच गैरसमज

वर्सोव्याच्या यारी रोडलगत १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. मासे आणि कोळंबीच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या अशा संस्थांत जिवाणू वाढवतात ते आगरच्या थरावर. आगर म्हणजे समुद्रातल्या लाल शेवाळाची जेली. पण काही जिवाणू स्वतःच असा डिंक तयार करतात आणि तो आपल्या खाण्यातही असतो. पाकिटावर आयएनएस ४१५ म्हणजे झँथन, ४१८ म्हणजे जेलन. या डिंकांविषयी बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १ : जेली म्हणजे जिलेटिन, म्हणजे मांसाहार.
वस्तुस्थिती : जिलेटिन हे प्राण्यांच्या कातडी-हाडांतले प्रथिन. वाण्याकडचे ‘चायना ग्रास’ म्हणजे आगर, ते शेवाळाचे. झँथन आणि जेलन या शर्करेच्या लांब साखळ्या आहेत, प्रथिने नव्हेत. साखर किंवा स्टार्चवर जिवाणू वाढवून त्या मिळवतात. त्यामुळे हिरवी खूण असलेल्या जेलीत जिलेटिन शोधण्याची गरज नाही.

गैरसमज २ : रोगजंतूचा डिंक खाल्ला तर रोग होणार.
वस्तुस्थिती : झँथन देणारा ‘झँथोमोनस कॅम्पेस्ट्रिस’ कोबीवर घाण्या रोग, म्हणजेच काळी कूज आणतो, हे खरे. डिंकाचे आवरण त्याला सुकण्यापासून वाचवते. मात्र तो वनस्पतींचा रोगकारक आहे, माणसाचा नव्हे. शिवाय कारखान्यात टाकीतले मिश्रण आधी तापवून जिवाणू मारतात, मग अल्कोहोल घालून डिंक वेगळा काढतात, वाळवतात आणि दळतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत ॲलीन जीन्स आणि सहकाऱ्यांनी या डिंकाचा पाया घातला. १९६९ साली अमेरिकेत त्याला अन्नात वापरण्याची परवानगी मिळाली.

गैरसमज ३ : असा कुठलाही डिंक घातला की पदार्थ गोठतो.
वस्तुस्थिती : झँथन एकटा जेली करत नाही, फक्त दाटपणा आणतो. सॉसची बाटली हलवली की तो पातळ होतो आणि थांबली की पुन्हा दाटतो. त्याच्या जोडीला लोकस्ट बीन गम दिला, तर लवचिक जेली जमते. जेलन मात्र स्वतः गोठतो. त्याच्या साखळीवर ॲसिटिल आणि ग्लिसरिल गट शाबूत असतील तर जेली मऊ आणि ताणली जाणारी होते. ते काढून टाकले आणि कॅल्शियम मिळाले की ती कडक, ठिसूळ व नितळ होते. ‘कर्डलन’ नावाच्या तिसऱ्या डिंकाची तऱ्हाच वेगळी, तो तापवल्यावर गोठतो.

गैरसमज ४ : डिंकाचे एक जनुक असते. ते वाढवले की डिंक वाढतो.
वस्तुस्थिती : झँथनसाठी गम-बी ते गम-एम अशी बारा जनुके एका ओळीत बसलेली आहेत आणि प्रत्येकाकडे वेगळे काम आहे. डी, एम, एच, के आणि आय ही पाच जनुके दोन ग्लुकोज, एक मॅनोज, ग्लुक्युरॉनिक आम्ल आणि पुन्हा मॅनोज अशा क्रमाने पाच शर्करा जोडणारी विकरे पुरवतात. एफ, जी आणि एल त्यांवर ॲसिटिल व पायरुव्हेटचे गट चढवतात. बी, सी, ई आणि जे ही चार जनुके तयार तुकडे एकमेकांना जोडून साखळी पेशीबाहेर पोहोचवण्यात गुंतलेली असतात. कच्च्या शर्करा तयार करणारी जनुके याखेरीज आहेत. त्यामुळे एखाद्या टप्प्याचा वेग वाढवून भागत नाही. पुढचा टप्पा तेवढाच राहिला तर काम तिथेच अडते. उलट एल हे एकच जनुक बंद पाडले तर पायरुव्हेट गळते आणि डिंकाचा दाटपणा बदलतो. म्हणून संशोधक डिंक किती मिळतो याइतकाच तो कसा वागतो हेही पाहतात. आणि साखळीत जनुके नसतात. साखळी बांधण्याची कृती जिवाणूच्या पेशीत राहते, साखळीत उतरत नाही.

गैरसमज ५ : जिवाणूंची जेली आली, आता आगर कालबाह्य.
वस्तुस्थिती : जेलन देणारा जिवाणू एका पाणवनस्पतीवर सापडला आणि १९७८ साली हा डिंक पुढे आला. ऊतिसंवर्धनात त्याचा फायदा दिसतो : आगर लिटरला सहा ते आठ ग्रॅम लागते, जेलन दोन-तीन ग्रॅममध्ये भागते आणि काचेसारख्या जेलीतून मुळे स्पष्ट दिसतात. तोटाही आहे. काही रोपे त्यावर पाणचट, काचेरी होतात. आगर सुमारे ८५ अंशांना वितळते पण ४० अंशांच्या आसपास येईपर्यंत गोठत नाही आणि बहुतेक जिवाणूंना ते पचत नाही. म्हणून रोगजंतू ओळखायचे असतील तेव्हा आजही पहिली निवड आगरचीच असते. उष्ण झऱ्यांतले जिवाणू वाढवायचे असतील तर मात्र जास्त तापमानाला टिकणारे जेलन घ्यावे लागते. काम कोणते, त्यावर जेली ठरते.