कळफलकाचा प्लग आणि चालू संगणक

कळफलकासारखी निरुपद्रवी वस्तु संगणकापाशीं दुसरी नसावी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. टेबल पुसतांना ती उपटावी, पुन्हां खोंचावी. यांत बिघडावयाचें तें काय? परंतु जुन्या वाटोळ्या प्लगाच्या बाबतींत ही समजूत महाग पडूं शकते.

आय.बी.एम. कंपनीनें १९८७ सालीं आपल्या पी.एस./२ या संगणकांबरोबर हा सहा पिनांचा प्लग प्रचारांत आणला. कळफलकाच्या कामीं त्यांतील चारच पिना येतात. एकीवरून पांच व्होल्ट दाबाची वीज कळफलकास मिळते. दुसरी हा त्या विजेचा परतीचा मार्ग. तिसरीवरून दाबलेल्या कळेचा संकेत जातो आणि चौथीवरून त्या संकेतास ताल देणारे ठोके. संगणक बंद असतांनाच प्लग लावला जाईल, हें योजकांनीं गृहीत धरलें होतें. म्हणून कोणती पिन आधीं टेकावी याचा बंदोबस्त त्यांत नाहीं. तें सारें हाताच्या कलण्यावर अवलंबून. परतीची पिन टेकण्यापूर्वीं वीज व संकेत यांच्या पिना टेकल्या, तर वीज भलत्या वाटेनें संकेत वाचणाऱ्या नाजुक चिपमध्यें शिरूं शकते. एखादी पिन वांकून शेजारणीस चिकटली, तर मुख्य पाटीवरील फ्यूज जळतो. हा फ्यूज दिसावयास अगदीं क्षुल्लक, पण पुष्कळदां पाटीलाच डाख देऊन बसविलेला. कुशल कारागीर न भेटल्यास सबंध पाटीच टाकून देण्याची पाळी येते.

दहा वेळां कांहींच होत नाहीं, हें खरें. पण त्यानेंच हात धीट होतो.

कित्येकदां नुकसान न होतांहि माउस मुका राहतो. वीज मिळाल्यावर तो संगणकाच्या आज्ञेची वाट पाहतो, आणि ती आज्ञा बहुधा संगणक सुरू होतांनाच दिली गेलेली असते. मनुष्य मात्र प्लग नीट बसला नाहीं असें समजून तो पुन्हां पुन्हां हलवितो, आणि खरा बिघाड तेव्हां होतो. अशा वेळीं उरलेल्या साधनानें लेखन जतन करून यंत्र रीतसर बंद करावें.

१९९६ सालीं नियमबद्ध झालेल्या चपट्या यू.एस.बी. प्लगांत ही उणीव हेतुपुरस्सर काढलेली आहे. आंत डोकावल्यास कडेच्या दोन पट्ट्या लांब व मधल्या दोन आंखूड दिसतात. वीज आणि तिचा परतीचा मार्ग आधीं जुळतो, संकेत मागाहून. शिवाय नवा पाहुणा आला कीं संगणक त्याची दखल स्वतःच घेतो. मात्र तोच कळफलक जोडतुकडा लावून जुन्या वाटोळ्या छिद्रांत बसविला, कीं लांब-आंखूड पट्ट्यांचा उपयोग संपतो. तेथें यंत्र बंद करूनच हात घालावा.