वनहक्काचा दावा आणि वृद्धांची साक्ष

सरकारी दप्तरांत उमेदीचीं वर्षें घालविलेल्या मनुष्यास एक गोष्ट लवकर कळते : जमीन कसणारा कोण हें बांधावर सर्वांस ठाऊक असतें, पण हक्क मात्र कागदावरील नांवाचा. आदिवासी बांधवांची स्थिति याहून बिकट झाली. त्यांचे पूर्वज जी जमीन कसत आले, ती १८७८ व १९२७ च्या जंगल कायद्यांन्वयें अनेक ठिकाणीं राखीव जंगलांत गेली, आणि घरचा धनी दप्तरीं अतिक्रमणदार ठरला.

हा 'ऐतिहासिक अन्याय' संसदेनें २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकांतच मान्य केला आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबास प्रत्यक्ष वहिवाटीपुरता, जास्तींत जास्त ४ हेक्टरांचा, हक्क मिळतो. तो वारसांकडे जातो, विकतां येत नाहीं, आणि पतिपत्नी उभयतांच्या नांवें नोंदला जातो. दाव्याची पहिली चौकशी कचेरींत नव्हे, ग्रामसभेंत होते.

माझ्या मतें या कायद्याचें मर्म पुराव्याच्या नियमांत आहे. मतदारयादी व घरपट्टीची पावती यांबरोबरच शेताचा बांध, जुनी विहीर, दफनभूमि, देवस्थान हीं सर्व पुरावा होत. दावेदाराखेरीज इतर वृद्धांची लेखी जबानी हाही पुरावाच होय. मात्र एकाहून अधिक प्रकारचे पुरावे जोडावे लागतात. या कायद्यापूर्वीं 'कागद नाहीं' असा शेरा मारून मींही अर्ज परत केले आहेत. त्या शेऱ्याची आज लाज वाटते.

१३ फेब्रुवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दावे फेटाळलेल्यांस जमिनींवरून हटविण्याचा आदेश दिला. २८ तारखेस तो स्थगित करून, दावे कोणत्या रीतीनें फेटाळले याचा तपशील राज्यांकडे मागितला. अपुऱ्या कागदांपायीं केवढें संकट ओढवतें, हें यावरून दिसावें.

म्हणून लिहितांवाचतां येणाऱ्या वाचक बंधूंस विनंति कीं, शेजारच्या पाड्यावर जाऊन वृद्धांच्या जबान्या लिहून घ्याव्या. दावा फेटाळला गेल्यास कारणें लेखी मागावीं आणि ६० दिवसांच्या आंत अपील करावें. अधिकारपत्र मिळाल्यावर महसुली दप्तरांत नोंद झाली कीं नाहीं हें स्वतः पाहावें. कागद पुढेंही शोधतां येतो; वृद्ध गेला म्हणजे मात्र त्याची साक्ष त्याच्याबरोबरच जाते.