भोपाळला शिकणाऱ्या मुलांच्या तोंडी हे ‘पोस्टर’ काय असतं?

बैतूल, छिंदवाडा, बऱ्हाणपूरकडच्या मराठी घरातून भोपाळला शिकायला गेलेला मुलगा ‘पोस्टर करतोय’ म्हणाला, तर ते सिनेमाचं नव्हे. पदवीला असताना केलेलं संशोधन एका मोठ्या कागदावर मांडायचं आणि शेजारी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावायचं, असा हा प्रकार. कागद बहुधा ए-झिरो, म्हणजे साधारण ८४ बाय ११९ सेंटीमीटर. प्रश्न काय, पद्धत कोणती, हाती काय लागलं, एवढंच त्यावर हवं. अख्खा प्रबंध बारीक अक्षरात कोंबला की कुणी थांबत नाही. खरी परीक्षा तोंडी असते: नमुना एवढाच का घेतला? हे आकडे आणले कुठून? दुसऱ्याकडून करून घेतलेलं काम इथं लगेच उघडं पडतं. महाराष्ट्रातल्या भाचे-पुतण्यांना ‘आविष्कार’मुळे हे नवं नाही.

भोपाळच्या आयसरमध्ये बीएस-एमएसच्या पाचव्या वर्षी संशोधन असतंच. इतर कॉलेजांत ते आता चार वर्षांच्या पदवीमुळे येतंय; मध्य प्रदेशाने नवं शैक्षणिक धोरण २०२१ पासूनच लागू केलं. यूजीसीच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील, तरच चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प घेऊन ‘संशोधनासह ऑनर्स’ पदवी मिळते. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असले, की एमए-एमएससी न करताही पीएचडी प्रवेशासाठी पात्र ठरता येतं. तेव्हा तिसऱ्या वर्षी जागं होऊन भागत नाही. पहिल्या सत्राचे मार्कही यात धरले जातात.