चावी हाती देण्यापूर्वी

घरात वाहन आले की वाढत्या वयाच्या मुलामुलींची दृष्टी प्रथम चावीकडे वळते. शिकवणीचा वर्ग दूर असतो, बस वेळेवर मिळत नाही, शेजारचा मुलगा तर केव्हाच गाडी चालवू लागलेला असतो. वडीलधाऱ्यांनाही वाटते की, मूल एकदाचे शिकले म्हणजे आपली एक चिंता मिटेल. परंतु चिंता मिटविण्याची ही घाईच पुढे मोठ्या चिंतेचे कारण ठरू शकते. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. या आकड्यामागे तितकीच घरे आहेत, हे ध्यानात ठेवूनच या विषयाकडे पाहिले पाहिजे.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर मोटार चालविण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. १६ व्या वर्षी मुभा आहे ती ५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीपुरती. आणि तीही पालकांच्या लेखी संमतीने. बाजारातील बहुतेक पेट्रोल स्कूटरांचे इंजिन याहून मोठे असते. म्हणून 'नुसती स्कूटरच तर आहे' हे समर्थन टिकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनमालक जबाबदार धरला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. पुष्कळ घरांत या तीस दिवसांचाच हिशेब होतो. आमचे सांगणे असे की, तीस दिवस ही कमीत कमी मर्यादा आहे. सहा महिन्यांची मुदत पुरती वापरावी. कारण हातपाय काही आठवड्यांत शिकतात, परंतु डोळे व मन शिकावयास महिने लागतात. नवशिक्याचे सारे लक्ष क्लच आणि गिअर यांतच गुंतलेले असते. गल्लीतून चेंडू रस्त्यावर आला की त्यामागून मूल धावत येणार, थांबलेल्या बसच्या पुढून कोणीतरी रस्ता ओलांडणार, हे ओळखण्याची दृष्टी केवळ सरावानेच येते.

हा सराव पायरीपायरीने व्हावा. पहिला महिना मोकळ्या मैदानावर घालवावा: गाडी सुरू करणे, ठरविलेल्या खुणेपाशी थांबविणे, मागे घेणे. पुढे सकाळच्या शांत रस्त्यावर वळणे आणि आरशांचा उपयोग शिकवावा. मग बाजारपेठेची गर्दी, चढावर गाडी मागे न घसरू देता पुढे काढणे, त्यानंतर संधिप्रकाश व रात्र, पाऊस, आणि सर्वांत शेवटी गावाबाहेरचा वेगवान रस्ता. एक पायरी अंगवळणी पडल्याशिवाय दुसरीवर जाऊ नये. गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या भूमीवर तांबड्या 'एल'ची पाटी असावी. शेजारी बसणाऱ्याजवळ पक्का परवाना असावा व प्रसंगी गाडी थांबविणे त्यास शक्य व्हावे, असा नियमच आहे.

वेगाचा हिशेब मुलांना आकड्यांनी पटवावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. म्हणजे धोका पाहून पाय ब्रेकवर पोहोचेतोच ती इतकी पुढे गेलेली असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर जवळजवळ चौपट होते, आणि ओल्या रस्त्यावर त्याहूनही वाढते. हे एकदा ध्यानात आले म्हणजे पुढील गाडीपासून अंतर राखण्याचे कारण निराळे सांगावे लागत नाही.

शिकविताना आपण ओरडू नये. भेदरलेला हात चुकीचाच पडतो. सूचना एका वेळी एकच द्यावी, आणि ती वळण येण्यापूर्वी द्यावी. अर्ध्या तासाहून अधिक वेळ नवशिक्यास चाकामागे बसवू नये. झालेल्या चुकांची चर्चा घरी परतल्यावर शांतपणे करावी.

आणखी एक गोष्ट. मूल गाडी चालविण्यास शिकते ते शिकाऊ परवाना मिळाल्यावर नव्हे, तर मागच्या आसनावर बसून आपल्याकडे पाहताना. आपण तांबडा दिवा ओलांडत असू, हेल्मेट हँडलला अडकवून ठेवीत असू किंवा गाडी चालविताना फोनवर बोलत असू, तर आपला उपदेश त्याच्या कानांपर्यंत पोहोचणार नाही.

पक्का परवाना हाती आल्यावरही काही महिने रात्रीचा लांबचा प्रवास आणि मित्रांनी भरलेली गाडी टाळणे श्रेयस्कर. 'सगळ्यांना मिळते, मलाच का नाही?' असे आपला मुलगा किंवा मुलगी विचारील. तेव्हा रागावू नये. पुढची पायरी कोणती व ती केव्हा, हे निश्चित सांगावे, आणि दिलेला शब्द पाळावा. नकारापेक्षा ठरलेली वाट मुलांना अधिक मान्य होते.