नदीप्रवाह नियमन व मत्स्यजीवन

धरणांद्वारे नदीचे पाणी अडविल्याने व सोडल्याने माशांच्या जीवनक्रमात होणारे बदल. गोंदिया जिल्ह्यात गाढवी या वैनगंगेच्या उपनदीवर इटियाडोह धरण (१९७०) आहे. शिवडा हा देशी मासा पावसाळ्याच्या आरंभी पुराबरोबर उथळ पाण्यात जाऊन अंडी घालतो. पहिला पूर जलाशयात अडल्यास धरणाखालील पात्रात त्याची वीण खुंटते. मरळ काठालगतच्या पाणवनस्पतींत घरटे करतो. पातळी एकाएकी उतरल्यास ते उघडे पडते. याउलट, भारतात १९५२ मध्ये आणलेल्या मोझँबीक तिलापियाची मादी अंडी तोंडात उबविते. त्यामुळे पातळीतील चढउतारांचा तिला फारसा उपद्रव होत नाही व संथ जलाशयात ही परकी जाती सहज फोफावते. म्हणून विणीच्या हंगामात पुरेसा प्रवाह सोडणे व पातळी स्थिर राखणे देशी माशांच्या, तसेच त्यांवर उपजीविका करणाऱ्या ढिवर समाजाच्या हिताचे असते.